ध्रुवीय समुद्रातील कार्बनकणांचे प्रतिमान: नागपूरच्या रेखावृत्तावर एक जलस्तंभ

नागपूरचे रेखावृत्त, म्हणजे सुमारे ७९ अंश पूर्व, धरून सरळ दक्षिणेकडे निघाले, तर रामेश्वरच्या परिसरात भारताची भूमी संपल्यावर हिंदी महासागराखेरीज काही लागत नाही, आणि अखेरीस प्रिट्झ उपसागराच्या पूर्व अंगाला अंटार्क्टिकाचा किनारा येतो. २०१२ पासून कार्यरत असलेले भारताचे ‘भारती’ हे स्थानक त्या ठिकाणाहून थोडे पश्चिमेला, ७६ अंश रेखांशाजवळ आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहून ध्रुवीय समुद्राचे प्रतिमान, म्हणजे संगणकावर चालणारे गणिती रूप, बांधू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला मी नेहमी याच रेखावृत्तावर, ६५ अंश दक्षिण अक्षांशावर, एक जलस्तंभ निवडायला सांगतो. यात भावनेपेक्षा सोय अधिक आहे. हवामानाची तासातासाची माहिती जागतिक प्रमाणवेळेत येते, आणि आपला स्तंभ नागपूरच्याच रेखांशावर असल्यामुळे तेथील माध्यान्ह भारतीय घड्याळात सव्वाबाराच्या आसपासच पडले पाहिजे. प्रतिमानातील प्रकाशाचा आलेख दुपारऐवजी संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास शिखर गाठू लागला, तर वेळेच्या रूपांतरात साडेपाच तासांची चूक झाली आहे हे कोणालाही न विचारता कळते.

येथे दिलेली पद्धत एकमितीय प्रतिमानाची आहे: पृष्ठभागापासून १,००० मीटरपर्यंतचा पाण्याचा एक उभा स्तंभ, त्यात वाढणारे वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म, हरित जीव) आणि त्यांच्यापासून तयार होऊन खाली बुडणारे सेंद्रिय कार्बनचे कण. त्यासाठी साधा लॅपटॉप आणि पायथन पुरेसे आहेत. बहुतेक नवशिके आपला सगळा वेळ प्लवकांच्या वाढीच्या समीकरणांवर घालवतात आणि कण कसे बुडतात हा भाग शेवटी एका ओळीत उरकतात. माझा अनुभव असा, की खोल समुद्रात किती कार्बन पोहोचतो याचे उत्तर त्या उरकलेल्या ओळीतच असते. म्हणून या लेखातही वाढीचा भाग आटोपशीर ठेवला आहे.

पहिले काम: ‘कण’ म्हणजे काय ते ठरवणे

समुद्रविज्ञानात कणरूप सेंद्रिय कार्बनची व्याख्या निसर्गाने दिलेली नाही. ती गाळणीने दिलेली आहे. काचतंतूंच्या, साधारण ०.७ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीवर जे राहते ते कणरूप आणि जे खाली जाते ते विरघळलेले, असा हा व्यवहार आहे. त्या गाळणीवर जिवंत डायटम (सिलिकाचे कवच असलेले वनस्पतिप्लवक), मेलेल्या पेशींचे तुकडे, काही जिवाणू, लहान प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे छोटे प्राणी) आणि विष्ठेचे अवशेष हे सगळे एकत्र बसलेले असते. प्रतिमानात मात्र आपण यांचे स्वतंत्र कप्पे करतो. परिणामी, मोजलेल्या कणरूप कार्बनशी प्रतिमानातील फक्त मृत कणांचा कप्पा ताडून पाहिला, तर प्रतिमान नेहमीच ‘कमी’ दाखवते आणि मग विद्यार्थी विनाकारण मृत्युदर वाढवत बसतो. तुलना करताना जिवंत प्लवक आणि मृत कण यांची बेरीज घ्यावी. मोठे प्राणिप्लवक त्यातून वगळावे. एककांचाही निर्णय याच वेळी करावा. प्रतिमानात कार्बन मिलिमोलमध्ये ठेवणे सोयीचे असते, पण मोजमापे बहुधा मिलिग्रॅममध्ये मिळतात. त्यामुळे १२ ने गुणण्याचे काम एकाच ठिकाणी, फलित लिहिणाऱ्या फलनात ठेवावे, सगळ्या प्रोग्रॅममध्ये पसरू देऊ नये.

आपल्या स्तंभासाठी आठ कप्पे पुरतात: नायट्रेट, सिलिकेट, लोह, डायटम, लहान प्लवक, प्राणिप्लवक, लहान कण आणि मोठे कण. फिओसिस्टिस हा श्लेष्मल वसाहती करणारा प्लवक दक्षिण महासागरात महत्त्वाचा आहे, परंतु त्याला पहिल्या आवृत्तीत स्वतंत्र कप्पा देऊ नये. आठ कप्प्यांचे प्रतिमान नीट चालेपर्यंत नववा कप्पा चुका लपवण्याचेच काम करतो.

प्रकाश, बर्फ आणि थंडी

दिवसाची लांबी काढण्याचे नेहमीचे सूत्र अक्षांशाची आणि सूर्याच्या क्रांतीची (विषुववृत्तापासूनच्या कोनीय अंतराची) स्पर्शज्या गुणून, त्याच्या उणे मूल्याची व्यस्त कोज्या घेते. नागपूरला २१ जूनला हे सूत्र सुमारे १३.३ तासांचा दिवस देते, तर ६५ अंश दक्षिणेला डिसेंबरच्या अखेरीस सुमारे २१ तासांचा. दोन्ही ठिकाणी ते बिनबोभाट चालते. मात्र स्तंभ ध्रुववृत्ताच्या पलीकडे, समजा ६८ अंशांवर, सरकवला की गुणाकार १ च्या पुढे जातो, व्यस्त कोज्येला अर्थ उरत नाही आणि प्रोग्रॅम मुकाट्याने ‘संख्या नाही’ असे उत्तर पुढच्या सर्व कप्प्यांत पसरवतो. त्यामुळे गुणाकार उणे १ आणि १ यांच्या मर्यादेत बांधून घ्यावा. दुसरी चूक मी स्वतः केली आहे: दक्षिण अक्षांशाचे उणे चिन्ह विसरलो, आणि प्लवकांचा बहर जूनमध्ये आला. मे-जूनमध्ये सूर्य तळपतो या आपल्या सवयीला ते चित्र इतके स्वाभाविक वाटले, की दोन दिवस ते मला खटकलेच नाही.

समुद्रबर्फ प्रकाश अडवतो, आणि बर्फावर साचलेले ताजे हिम त्याहूनही अधिक अडवते. हिमाचा क्षीणन गुणांक दर मीटरला १० धरला, तर २० सेंटिमीटर हिमातून आत शिरलेल्या प्रकाशापैकी साधारण १३.५ टक्केच खाली उतरतो, आणि ताजे हिम बराचसा प्रकाश आधीच परावर्तित करते ते वेगळेच. उपग्रहांच्या आधारे मिळणारे बर्फव्याप्तीचे आकडे टक्क्यांत असतात. समजा ९० टक्के बर्फ आणि १० टक्के उघडे पाणी आहे. येथे दोन्ही भागांच्या प्रकाशाची सरासरी आधी काढून मग वाढ काढू नये. वाढ दोन्ही भागांसाठी वेगवेगळी काढून तिची सरासरी घ्यावी. प्रकाश वाढला तरी वाढीचा दर एका मर्यादेनंतर वाढत नसल्यामुळे पहिली पद्धत बर्फाळ समुद्रात वाढ फुगवून दाखवते.

थंडीबद्दल एक समज काढून टाकणे आवश्यक आहे. रिचर्ड एप्ली यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या संबंधानुसार उणे १ अंश सेल्सियसला वाढीची कमाल मर्यादा दिवसाला सुमारे ०.५५ येते, म्हणजे पेशी सव्वा दिवसात दुप्पट होऊ शकतात. तेच सूत्र नागपूरच्या फुटाळा तलावाच्या पाण्यासाठी, तापमान २८ अंश धरून, सुमारे ३.५ देते. फरक सहापटींचा आहे, पण सव्वा दिवसात दुपटीचा वेगही बहर येण्यास भरपूर आहे. ध्रुवीय समुद्रात वाढ अडते ती मुख्यतः प्रकाश आणि पोषकद्रव्यांमुळे. वसंतात बर्फ वितळून गोड्या पाण्याचा हलका थर वर बसतो, प्लवक त्या उथळ, उजेडाच्या थरात अडकून राहतात आणि बहर येतो; मिश्रित थराची (वाऱ्याने ढवळल्या जाणाऱ्या वरच्या पाण्याची) खोली आणि प्रकाश यांचे हे नाते स्वेरड्रुप यांनी १९५३ मध्ये मांडले होते. पहिल्या आवृत्तीत मिश्रित थराची खोली मोजमापांवरून घेऊन प्रतिमानाला आयती द्यावी. ती स्वतः काढण्याचा हट्ट नंतर जीओटीएमसारख्या, पाण्याच्या मिश्रणाचे गणित करणाऱ्या तयार प्रणालीच्या मदतीने पुरा करता येतो.

लोह आणि सिलिकेट

दक्षिण महासागरात नायट्रेट उन्हाळ्यातही संपत नाही, तरी प्लवक मर्यादितच राहतात, याचे कारण लोहाची टंचाई हे आज सर्वमान्य आहे. लोह नॅनोमोलमध्ये आणि कार्बन मिलिमोलमध्ये ठेवल्यास एककांत दहा लाखांचा फरक पडतो आणि येथेच शून्ये चुकतात. म्हणून लोह व कार्बन यांचे गुणोत्तर प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच एककासहित लिहून ठेवावे. डायटमांच्या वाढीवर नायट्रेट, लोह आणि सिलिकेट यांपैकी जे सर्वांत तुटपुंजे असेल त्याची मर्यादा लावावी. लहान प्लवकांना सिलिकेटची अट नाही.

ही अट किती निर्णायक आहे, हे भारताने जर्मनीसह केलेल्या ‘लोहाफेक्स’ या प्रयोगाने दाखवले. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी २००९ मध्ये ‘पोलारस्टर्न’ या जहाजावरून दक्षिण अटलांटिकच्या सुमारे ३०० चौरस किलोमीटर पट्ट्यात लोह मिसळले. प्लवक वाढले, पण त्या पाण्यात सिलिकेट फार कमी असल्याने डायटमांना वाव नव्हता. वाढलेल्या लहान प्लवकांना प्राणिप्लवकांनी खाऊन टाकले आणि खोल समुद्रात फारसा कार्बन गेला नाही. याउलट २००४ च्या ‘आयफेक्स’ या प्रयोगात डायटमांचा बहर आला आणि त्यातील निदान निम्मा कार्बन १,००० मीटरच्या खाली बुडाल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. वर हिरवळ दोन्हीकडे वाढली, परंतु खाली काय गेले यात जमीन-अस्मानाचा फरक पडला. आपले प्रतिमान तयार झाल्यावर पहिली परीक्षा हीच घ्यावी: एकदा लोह वाढवून सिलिकेट भरपूर ठेवावे, आणि एकदा लोह तितकेच वाढवून सिलिकेट जवळजवळ शून्य करावे. दोन्ही वेळा खोलवरचा कार्बन सारखाच वाढला, तर कणांचा भाग केवळ शोभेचा आहे असे समजावे.

कण कसे बुडतात

खोलीनुसार कार्बनचा प्रवाह कसा घटतो याचे सर्वाधिक वापरले जाणारे सूत्र जॉन मार्टिन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दिले. १०० मीटरवरील प्रवाह हा पाया मानून, खोली १०० ने भागून तिचा उणे ०.८५८ वा घात घ्यायचा. यावरून १,००० मीटरवर सुमारे १४ टक्के प्रवाह उरतो. हे सूत्र ईशान्य प्रशांत महासागरातील मोजमापांवरून आलेले आहे, हे विसरून ते ध्रुवीय समुद्राला जसेच्या तसे लावले जाते. घातांक ०.६ केला तर १४ चे २५ टक्के होतात, आणि १.२ केला तर ६ च्या आसपास उरतात. एका आकड्याच्या बदलाने उत्तर चौपट हलते. वाढीच्या समीकरणातील कोणताही प्राचल (आपण ठरवून देतो तो आकडा) त्याच्या वाजवी मर्यादेत बदलून इतका फरक पडलेला मी पाहिलेला नाही.

म्हणून मार्टिन यांचे सूत्र प्रतिमानाच्या आत बसवू नये. ते तुलनेसाठी बाहेर ठेवावे आणि आत खरी प्रक्रिया लिहावी, म्हणजे बुडण्याचा वेग आणि विघटनाचा दर. वेग स्थिर असेल तर प्रवाह घातांकी पद्धतीने घटतो आणि तो सुमारे ३७ टक्क्यांवर येण्यास लागणारी खोली वेग भागिले विघटनदर इतकी येते. विघटनदर दिवसाला ०.०५ आणि वेग दिवसाला १० मीटर घेतला, तर १०० पासून १,००० मीटरपर्यंत जेमतेम १ टक्का कार्बन पोहोचतो. वेग १०० मीटर केला की ६४ टक्के पोहोचतो. प्रवाहाच्या मोजमापांवरून फक्त हे गुणोत्तर ठरते. दोन्ही राशी वेगवेगळ्या ठरत नाहीत. वेग दुप्पट आणि विघटनही दुप्पट केले तर प्रवाहाचा आलेख जागचा हलत नाही. त्यामुळे केवळ गाळसापळ्यांच्या (खाली पडणारे कण गोळा करणाऱ्या भांड्यांच्या) आकड्यांशी जुळलेल्या प्रतिमानावर विश्वास ठेवू नये.

यातून सुटण्याची वाट अशी, की प्रवाहाबरोबर पाण्यातील कणांचे प्रमाणही ताडून पाहावे, कारण प्रवाह म्हणजे प्रमाण गुणिले वेग. एक हिशोब कागदावर करून पाहण्यासारखा आहे. समजा १०० मीटरवर घनमीटरमागे ४५ मिलिग्रॅम कार्बन लहान कणांत आहे व ते दिवसाला १ मीटर बुडतात, आणि केवळ अर्धा मिलिग्रॅम मोठ्या कणांत आहे व ते दिवसाला १०० मीटर बुडतात. लहान कणांचा प्रवाह ४५ आणि मोठ्यांचा ५०. जेमतेम १ टक्का कार्बन निम्म्याहून अधिक प्रवाह वाहून नेतो. बाटलीने पाणी काढून मोजणाऱ्याला लहान कणच दिसतात, सापळा लावणाऱ्याला मोठे. दोघांच्या आकड्यांवर एकच कप्पा बसवायला गेलो, तर त्याचा वेग दिवसाला २ मीटरच्या आसपास येतो, जो दोन्ही प्रकारच्या कणांसाठी खोटा आहे. दोन कप्पे ठेवण्याचे कारण हेच.

लहान कणांचे मोठे कण कसे होतात हे समजायला पावसाळ्यातील गढूळ पाण्यात तुरटी फिरवणे आठवावे. माती तीच, पण तुरटीमुळे बारीक कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि तासाभरात भांड्याच्या तळाशी बसतात. समुद्रात हे काम प्लवकांनी सोडलेल्या शर्करायुक्त चिकट पदार्थांचे पारदर्शक कण करतात. तुरटीच्या उपमेला एक मर्यादा आहे: हे चिकट कण स्वतः समुद्राच्या पाण्याहून हलके असतात, त्यामुळे गुठळीत त्यांचे प्रमाण फार झाले तर ती बुडण्याऐवजी रेंगाळते किंवा वर तरंगतेसुद्धा. डायटमांचे सिलिकाचे कवच मात्र गुठळीला वजन देते. प्रतिमानात पहिल्या टप्प्यावर गुठळ्या होण्याचा दर कणांच्या प्रमाणाच्या वर्गाशी जोडावा, म्हणजे बहर दाट झाल्यावरच मोठे कण तयार होतील, आणि मोठ्या कणांचा वेग त्यांतील सिलिकाच्या प्रमाणाबरोबर वाढवावा. त्यासाठी मोठ्या कणांतील सिलिकाचा हिशोब कार्बनपासून वेगळा ठेवावा लागतो, पण लोहाफेक्स आणि आयफेक्स यांच्यातील फरक दाखवायचा असेल तर ही किंमत मोजण्याजोगी आहे.

विघटनाचा दर तापमानाशी जोडणे अनिवार्य आहे. दर १० अंशांना दर दुप्पट होतो असे धरले, तर २८ अंशांच्या पाण्यापेक्षा उणे १ अंशाच्या पाण्यात विघटन सातपटींहून अधिक मंद होते. मात्र मोठे कण केवळ जिवाणूंमुळे घटत नाहीत. प्राणिप्लवक त्यांना खातात आणि फोडतात, व फुटलेले तुकडे पुन्हा लहान कणांच्या कप्प्यात येऊन तेथे सावकाश कुजतात. फोडण्याची ही वाट ठेवली नाही, तर थंड पाण्यातील प्रतिमान १,००० मीटरवर अवास्तव कार्बन पोहोचवते. क्रिलच्या (कोळंबीसारख्या छोट्या प्राण्याच्या) विष्ठेचे धागे दिवसाला शेकडो मीटर बुडू शकतात, पण क्रिल थव्याने येतात आणि जातात. सरासरी क्रिल हा प्राणी समुद्रात नसतो. त्यांचा परिणाम दाखवायचाच असेल तर मोजक्या दिवसांचे झटके म्हणून द्यावा.

आकडेमोडीतील फसवणूक

आकडेमोडीसाठी स्तंभाचे एकावर एक खण पाडलेले असतात. बुडणे लिहिण्यासाठी वरच्या खणातून खालच्या खणात कण टाकण्याची सर्वांत साधी पद्धत सुरुवातीला वापरण्यास हरकत नाही, कारण ती कणांचे प्रमाण उणे होऊ देत नाही. तिच्या दोन अटी आहेत. खणाची जाडी ५ मीटर आणि वेग दिवसाला १०० मीटर असेल, तर काळाचे पाऊल ७२ मिनिटांहून लहान हवे, नाहीतर कण एका पावलात खण ओलांडतो आणि आकडे स्फोट झाल्यासारखे वाढतात. ही चूक निदान दिसते. दुसरी दिसत नाही: या पद्धतीत आपोआप खोटे विसरण (कणांचे आजूबाजूला पसरणे) घुसते, आणि त्याची कमाल मात्रा वेग गुणिले जाडी भागिले २ इतकी असते. वरच्या आकड्यांवरून ती सेकंदाला ०.००३ चौरस मीटरच्या जवळ जाते, तर मिश्रित थराखालचे खरे विसरण बहुधा ०.००००१ च्या आसपास असते. खणांची जाडी निम्मी करून तेच प्रतिमान पुन्हा चालवावे. कण १,००० मीटरवर पोहोचण्याचा दिवस सरकला, तर फरक समुद्राचा नसून खणांच्या जाळीचा आहे.

प्रत्येक पावलाला एकूण नायट्रोजनची बेरीज छापावी. तळातून बाहेर गेलेले आणि तळातून मिश्रणाने आलेले धरून ही बेरीज जुळलीच पाहिजे. ‘जवळजवळ’ जुळणे म्हणजे कोठेतरी एखादे पद एका कप्प्यातून वजा झाले पण दुसऱ्यात मिळवले गेले नाही. अशी गळती असताना प्राचल जुळवत बसणे व्यर्थ आहे. प्रतिमान सलग चार-पाच वर्षे तेच हवामान देऊन चालवावे आणि शेवटचे वर्षच वाचावे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे गेला की लॅपटॉपही दमतो, आणि वीज गेली तर रात्रभरची आकडेमोड वाया जाते. म्हणून दर प्रतिमान-महिन्याला सर्व कप्पे फाइलीत साठवावेत, म्हणजे तेथून पुढे सुरू करता येते.

मोजमापांशी ताडून पाहण्याचा क्रम

उपग्रहाचे हरितद्रव्य सहज मिळते, म्हणून सर्वजण त्यापासूनच सुरुवात करतात. मी ते शेवटी ठेवतो. ध्रुवीय हिवाळ्यात उपग्रहाला काही दिसत नाही, उन्हाळ्यात ढग आणि बर्फाची कड आड येते, आणि २०११ च्या जुलैमध्ये आर्क्टिकच्या चुक्ची समुद्रात तर बर्फाखालीच प्रचंड बहर सापडला. शिवाय हरितद्रव्य म्हणजे कार्बन नव्हे. अंधुक उजेडात पेशी हरितद्रव्य वाढवतात, त्यामुळे तेवढ्याच हरितद्रव्यामागचा कार्बन ऋतूप्रमाणे कित्येक पटींनी बदलतो. सरसकट ५० ने गुणणाऱ्याला बर्फाखाली नसलेला कार्बन दिसू लागतो.

सुरुवात नायट्रेटपासून करावी. हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत वरच्या थरातून किती नायट्रेट कमी झाले, त्यावर रेडफिल्ड यांचे ६.६ हे कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर लावले की निव्वळ उत्पादनाचा ढोबळ अंदाज मिळतो. वरच्या ४० मीटरमध्ये घनमीटरमागे ८ मिलिमोल घट झाली, तर चौरस मीटरमागे सुमारे २५ ग्रॅम कार्बन. प्रतिमानाचे निव्वळ उत्पादन या आकड्याच्या आसपासही नसेल, तर कणांकडे वळण्यात अर्थ नाही. त्यानंतर पाण्यातील कणरूप कार्बनचा खोलीनुसार आलेख पाहावा; दक्षिण महासागरात २०१४ पासून सोडलेल्या जैवरासायनिक तरंगत्या यंत्रांच्या प्रकाश-विकिरणाच्या नोंदींवरून तो हिवाळ्यातही मिळतो. मग प्रवाह: गाळसापळे, आणि वरच्या थरांसाठी थोरियम-२३४ ची पद्धत. हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य कणांना चिकटून खाली जाते, आणि त्याचे अर्धायुष्य २४.१ दिवसांचे असल्यामुळे ती पद्धत एका जहाज-भेटीतही मागील काही आठवड्यांचा हिशोब सांगते. प्रमाण आणि प्रवाह दोन्ही एकाच वेग-जोडीने जुळले की मगच हरितद्रव्य उघडावे.

हाच स्तंभ नंतर आर्क्टिकला न्यायचा असेल, तर काही गोष्टी बदलाव्या लागतात. तेथे लोहाऐवजी बहुधा नायट्रेट आधी संपते, आणि बर्फाच्या खालच्या अंगाला वाढणाऱ्या शैवालांना वेगळा कप्पा द्यावा लागतो, कारण २०१२ च्या उन्हाळ्यात मेलोसिरा या डायटमाचे धागे मध्य आर्क्टिकमध्ये ४,००० मीटर खोल तळावर पडलेले आढळले होते. भारताचे ‘हिमाद्री’ स्थानक स्वालबार्डच्या ज्या कोंग्सफ्योर्डनच्या काठी आहे आणि ज्या खाडीत २०१४ मध्ये ‘इंडआर्क’ ही पाण्याखालील वेधशाळा बसवली गेली, तेथून सुरुवात करण्याचा मोह होतो. पण त्या खाडीत हिमनद्यांचा गाळ उतरतो, त्याबरोबर जमिनीवरचा जुना कार्बनही येतो, आणि गाळणीला त्यातला कोणता प्लवकांचा हे कळत नाही. आधी खाडीबाहेरचा खुला समुद्र घ्यावा, आणि खाडीत शिरताना जमिनीवरून आलेल्या कणांसाठी वेगळा कप्पा उघडून ठेवावा.